'अंशतः खरे आहे' या उत्तराचं करायचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात सोनोग्राफीचं यंत्र आहे, तरी गरोदर बायकांना पैसे मोजून बाहेर तपासणी करावी लागते. तुम्ही काही जण आमदारांना भेटलात, त्यांनी विधानसभेत तारांकित प्रश्न लावला, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा आणि ज्यावर लगेच उपप्रश्न विचारता येतात असा प्रश्न. उत्तर आलं 'हे अंशतः खरे आहे', आणि खाली 'प्रश्न उद्भवत नाही'. त्यावर तुम्ही विचारताय: हा सगळा फार्स आहे का, आणि नसेल तर आता काय करायचं?

मी बरीच वर्षं आमदारांकडे अधिवेशनाचं काम पाहिलंय. प्रश्न लिहायचे, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणाऱ्या सूचना) तयार करायच्या, छापील उत्तर आलं की त्यातल्या फटी शोधायच्या. आमदार वेगवेगळ्या पक्षांचे होते, कधी सत्तेत, कधी विरोधात. त्या अनुभवावरून सांगतो की हा फार्स नाही. मात्र तुमचा प्रश्न जसा लिहिला गेला, त्याला वेगळं उत्तर येणं अवघडच होतं.

तुम्ही प्रश्नाचा मजकूर दिलाय, म्हणून नेमकं बोलता येतं. भाग (१) मध्ये एकाच दमात तीन गोष्टी आहेत: यंत्र दोन वर्षांपासून बंद आहे, त्यामुळे महिलांची गैरसोय होते, आणि त्यांना खासगीत जावं लागतं, 'हे खरे आहे काय'. भाग (२) 'असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय'. भाग (३) 'असल्यास, त्यानुसार कोणती कार्यवाही केली'. भाग (४) 'नसल्यास, विलंबाची कारणे काय'. हा साचा सगळ्या आमदारांच्या कार्यालयांत पाठ असतो. गावाचं नाव आणि तक्रार बदलली की प्रश्न तयार.

आता हाच कागद मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याच्या नजरेनं वाचा. त्याच्याकडून तो आरोग्य उपसंचालकांकडे, तिथून जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि शेवटी तुमच्या रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांच्या टेबलावर येतो. 'एलएक्यू (म्हणजे विधानसभेचा प्रश्न) आलाय, संध्याकाळपर्यंत माहिती पाठवा' असा फोन होतो. अधीक्षक लिहितात: यंत्र सुस्थितीत आहे, क्ष-किरण तज्ज्ञ (रेडिओलॉजिस्ट) उपलब्ध नाहीत, गरजू रुग्णांना जिल्हा रुग्णालयात संदर्भित केलं जातं. यातलं एक अक्षर खोटं नाही. यंत्र बंद नाहीच, ते चालवणारा माणूस नाही. म्हणजे तुमचं पहिलं विधान चुकलं, बाकीचं थोडंफार बरोबर, म्हणून 'अंशतः खरे'. आणि पुढचे तिन्ही भाग 'असल्यास' आणि 'नसल्यास'च्या आधारानं पहिल्यावर उभे असल्यामुळे पहिला हलला की बाकीचे आपोआप पडतात.

म्हणून माझा पहिला नियम असायचा: भाग (१) मध्ये फक्त ती गोष्ट घालायची जिचा कागद आपल्या हातात आहे. ऐकीव माहिती, बातमीचं कात्रण, लोकांचा संताप यांना तिथे जागा नाही. बातमीत 'दोन वर्षे' असेल आणि रुग्णालयाच्या नोंदीत एकवीस महिने निघाले, तर तेवढ्यावरसुद्धा 'खरे नाही' लिहिणारे अधिकारी मी पाहिलेत. त्यांच्या जागी मी असतो तर मीही कदाचित तेच केलं असतं.

दुसरी गोष्ट जरा उफराटी वाटेल. माहिती मिळवण्यासाठी तारांकित प्रश्न वाया घालवू नये. माहितीसाठी माहितीचा अधिकार आहे, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि त्यासाठी आमदारही लागत नाही. सभागृहातला प्रश्न विचारायचा तो मंत्र्यांकडून एखादा आकडा किंवा तारीख सर्वांसमक्ष वदवून घेण्यासाठी. उत्तर आपल्याला आधीच माहीत असावं. ते सरकारच्या नावावर, सभागृहाच्या कामकाजात नोंदलं जावं, एवढाच हेतू.

तुमच्या बाबतीत आधी कुठली माहिती काढायची? सगळ्यात आधी, रुग्णालयाच्या आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्यात, क्ष-किरण तज्ज्ञाचं पद मुळात आहे का? तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात ते असेलच असं नाही. पद मंजूरच नसेल तर 'रिक्त पद कधी भरणार' या प्रश्नाला अर्थ नाही. मग मागणी पद निर्माण करण्याची होते, त्यात वित्त विभाग येतो आणि वाट लांबते. पद मंजूर आहे पण रिक्त असेल तर लढाई वेगळी. तिसरी शक्यताही असते, आणि माझ्या अनुभवात ती बऱ्याचदा निघते: कागदावर पद भरलेलं आहे, पगारही निघतोय, पण डॉक्टर प्रतिनियुक्तीवर दुसऱ्या रुग्णालयात. अशा वेळी 'किती पदे रिक्त आहेत' असं विचारलं की मंत्री समाधानानं सांगतात, एकही नाही. म्हणून नेहमी चार रकाने मागायचे: मंजूर, भरलेली, प्रत्यक्ष या ठिकाणी कार्यरत, आणि प्रतिनियुक्तीवर कुठे व कोणत्या आदेशानं. चौथा रकाना विचारला की तिसऱ्यात लपवाछपवी करता येत नाही.

त्याबरोबर दोन साधे कागद काढा. सोनोग्राफी केंद्र म्हणून गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखाली रुग्णालयाची नोंदणी आजही चालू आहे का, आणि गेल्या दोन वर्षांत महिनावार किती तपासण्या झाल्या. या कायद्यामुळे प्रत्येक गरोदर स्त्रीच्या तपासणीची नोंद ठेवावीच लागते, त्यामुळे 'माहिती संकलित नाही' म्हणायची सोय नाही. महिन्यामागून महिने त्या रकान्यात शून्य दिसलं, तर 'यंत्र सुस्थितीत आहे' या वाक्यात काही दम राहत नाही.

हे हातात आल्यावर प्रश्न साधारण असा लिहावा. (१) अमुक ग्रामीण रुग्णालयात अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत एकही सोनोग्राफी तपासणी झालेली नाही, हे खरे आहे काय. (२) उक्त रुग्णालयात क्ष-किरण तज्ज्ञाचे पद मंजूर आहे काय व त्यावर कार्यरत अधिकारी सध्या कोणत्या ठिकाणी काम करीत आहेत. (३) यंत्राची खरेदी कोणत्या वर्षी, किती रकमेस व कोणत्या लेखाशीर्षातून करण्यात आली. (४) नियमित तज्ज्ञ उपलब्ध होईपर्यंत मानधन तत्त्वावर खासगी तज्ज्ञांची सेवा घेण्याबाबत कोणता निर्णय झाला व त्याचा दिनांक काय. यात 'असल्यास' कुठेच नाही. पहिल्याला काहीही उत्तर आलं तरी बाकीचे तीन आपापल्या पायावर उभे आहेत. 'गैरसोय', 'संताप', 'अक्षम्य दुर्लक्ष' हे शब्दही नाहीत. प्रश्नात टीका किंवा अनुमान आलं की विधिमंडळ सचिवालय ते कापतं, कधी अख्खा प्रश्नच नाकारतं. राग उपप्रश्नासाठी राखून ठेवावा.

प्रश्न कुणाला विचारायचा, यातही पुष्कळ घोळ होतो. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, मेडिकल कॉलेजचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, आणि यातल्या कुठल्याही इमारतीचं गळकं छप्पर बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. चुकीच्या मंत्र्याच्या नावे गेलेला प्रश्न एका विभागातून दुसऱ्यात फिरतो आणि तेवढ्यात अधिवेशन संपतं. तुमच्या आमदारांनी विभाग बरोबर निवडला होता, ते एक बरं झालं.

आता खर्चाचं. तुम्ही लिहिलंय की मंत्र्यांनी 'रुग्णालयासाठी निधी मंजूर आहे' असंही म्हटलं आणि तुम्हाला दिलासा वाटला. इथे जरा थांबा. सरकारी पैसा 'मंजूर' होण्याचे टप्पे अनेक आहेत आणि मंत्री त्यातला सोयीचा सांगतात. प्रशासकीय मान्यता म्हणजे काम तत्त्वतः मान्य. त्यात पैसा असतोच असं नाही. अर्थसंकल्पातली तरतूद म्हणजे विधिमंडळानं खर्चाला दिलेली परवानगी. कधी ती हजार रुपयांची लाक्षणिकही असते. त्यातला किती निधी वितरित झाला हा पुढचा टप्पा, आणि प्रत्यक्ष खर्च किती हा त्याच्याही पुढचा. या चार आकड्यांत जमीन-अस्मानाचं अंतर असू शकतं. म्हणून नुसतं 'किती निधी मंजूर केला' असं कधीच विचारू नये. मान्यता किती रकमेची व कोणत्या दिनांकाची, चालू वर्षाची तरतूद किती, आजअखेर वितरित किती, खर्च किती, असं एका ओळीत विचारावं.

बीम्स ही निधीवाटपाची प्रणाली आहे. आमदारांच्या कार्यालयात लेखाशीर्षांची, म्हणजे सरकारी हिशेबातल्या खर्चाच्या क्रमांकित शीर्षांची, जाण असलेला एखादा मुलगा असेल, तर तरतूद आणि वितरण तो तिथून बघू शकतो. आरोग्य सेवांचा महसुली खर्च २२१० या मुख्य शीर्षाखाली आणि इमारती-यंत्रसामग्रीचा भांडवली खर्च ४२१० खाली असतो. ग्रामीण भागातल्या कार्यकर्त्यांना '२५१५' हा आकडा तोंडपाठ असतो, कारण गावातले काँक्रीट रस्ते आणि सभामंडप त्यातून होतात. मात्र आपल्या दवाखान्याचा पैसा कुठल्या शीर्षाखाली येतो, हे त्यांच्यातल्या फार थोड्यांनी बघितलेलं असतं. का, ते तुम्हीच ओळखा.

'खर्च झाला' या आकड्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ३१ मार्चला निधी व्यपगत होऊ नये, म्हणजे न वापरल्यामुळे हातचा जाऊ नये, म्हणून तो कोषागारातून काढून दुसऱ्या खात्यात किंवा दुसऱ्या यंत्रणेकडे वर्ग करायचा, ही जुनी सवय आहे. हिशेबात तो खर्च दिसतो, जागेवर वीटसुद्धा हललेली नसते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या, म्हणजे कॅगच्या, अहवालांत यावर आणि प्रलंबित उपयोगिता प्रमाणपत्रांवर (पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचे दाखले) वारंवार ताशेरे असतात. त्यामुळे उपप्रश्न ठेवायचा: उपयोगिता प्रमाणपत्र मिळालं का, कोणत्या दिनांकाला?

हे तंत्र काही आजचं नाही. १८९२च्या कायद्यानं भारतातल्या कायदेमंडळांत प्रश्न विचारायची मुभा मिळाली, पण उपप्रश्नाची नव्हती. ती १९०९ मध्ये आली. अर्थसंकल्पावर बोलता यायचं, मतदान करता यायचं नाही. तशा अवस्थेत गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात अंदाजपत्रकावरचं पहिलं भाषण केलं, ते सरकारच्याच आकड्यांवर. शिल्लक दिसते ती भरभराटीमुळे नसून लोकांवर जादा कर लादल्यामुळे आहे, हे त्यांनी मांडलं. आकडे जुळवायला अर्थशास्त्राचे अभ्यासक गणेश व्यंकटेश जोशी मागे होते. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. एका भाषणानं कर उतरला असं कुणी म्हणू नये, पण सरकारचा आकडा सरकारपुढे ठेवण्याची रीत तिथे दिसते.

दुसरं उदाहरण तुमच्या 'पुढे काय' या प्रश्नाच्या जास्त जवळचं आहे. नव्यानेच राष्ट्रीयीकरण झालेल्या आयुर्विमा महामंडळानं १९५७ मध्ये उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या अडचणीतल्या कंपन्यांचे सव्वा कोटींच्या आसपासचे शेअर घेतले. त्या सप्टेंबरमध्ये लोकसभेत डॉ. राम सुभग सिंह यांनी याबद्दल साधा प्रश्न विचारला आणि त्याला गुळमुळीत उत्तर मिळालं. बहुतेक प्रश्न इथेच मरतात. हा मेला नाही, कारण ते गुळमुळीत उत्तर कामकाजात नोंदलं गेलं होतं. डिसेंबरमध्ये खासदार फिरोज गांधी कागदपत्रं घेऊन उभे राहिले आणि सरकारचं म्हणणं त्या कागदांशी ताडून दाखवलं. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांचा आयोग नेमला गेला, मुंबईत जाहीर सुनावणी झाली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. राम सुभग सिंह आणि फिरोज गांधी दोघेही सत्ताधारी काँग्रेसचेच. 'आमचे आमदार सत्तेत आहेत, ते काय विचारणार' असं तुम्ही शेवटी लिहिलंय, म्हणून हे सांगितलं.

अर्थात सत्तेत असण्यानं फरक पडतोच. सत्ताधारी आमदार सहसा सभागृहात मंत्र्याला कोंडीत पकडत नाही. तो प्रश्न लावतो आणि मग दालनात जाऊन काम करून घेतो. कधी हेच जास्त उपयोगी पडतं. प्रश्न लागला एवढ्यावरच, उत्तराची तारीख यायच्या आत, डॉक्टरची प्रतिनियुक्ती रद्द झाल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत, म्हणजे मंत्र्यांना 'पद कार्यरत आहे' असं ताठ मानेनं सांगता यावं. विरोधी आमदार आवाज जास्त करतो, बातमी जास्त होते, आणि फाइल कधी कधी मुद्दाम खाली सरकते. तुमचे आमदार सत्तेतले, तेव्हा पहिली वाट तुमची.

एक काळी बाजूही आहे, ती लपवत नाही. प्रश्न लावायचा, संबंधितांना घाम फुटू द्यायचा आणि मग त्यावर गप्प बसायचं, असे धंदे चालतात. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात डिसेंबर २००५ मध्ये संसदेतून अकरा खासदारांना काढून टाकलं होतं. तुमच्या प्रश्नावर आमदार पुढे अचानक थंड पडले, तर कारण विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता आलेल्या उत्तराचं काय करायचं. तारांकित प्रश्न यादीत असला तरी सभागृहात पुकारला जाईलच असं नाही. प्रश्नोत्तराच्या तासात मोजकेच प्रश्न होतात, त्यातही गोंधळ झाला तर तास वाहून जातो. तुमचा पुकारला गेला नसेल तर उपप्रश्न झालेच नाहीत, फक्त छापील उत्तर आहे. अशा वेळी विधानसभेच्या नियम ९४ खाली अर्धा तास चर्चा मागता येते, तीही त्याच उत्तरातून निघालेल्या बाबींवर. विषय तातडीचा करता आला, समजा मधल्या काळात एखादी गंभीर घटना घडली, तर नियम १०५ ची लक्षवेधी. हल्ली लक्षवेधींचा इतका पूर येतो की त्यांच्यासाठी सकाळी वेगळी बैठक घ्यावी लागते. तरी फायदा असा की मंत्र्यांना निवेदन करावं लागतं आणि त्यावर बोलायला जागा मिळते.

मला स्वतःला या सगळ्यांपेक्षा आश्वासन समिती जास्त भरवशाची वाटते. तिथे ना कॅमेरे, ना बाकं वाजवणं. मंत्री सभागृहात 'एका महिन्यात तज्ज्ञ उपलब्ध करून देऊ' असं बोलले की ते आश्वासन म्हणून नोंदलं जातं आणि त्याची पूर्तता झाली का, हे समिती विभागाला विचारत राहते. लोकसभेत अशी समिती १९५३ पासून आहे आणि तिथे पूर्ततेला तीन महिन्यांची मुदत आहे. विभागांनाही हे माहीत असतं, म्हणून उत्तरांत 'कार्यवाही सुरू आहे', 'निधीच्या उपलब्धतेनुसार', 'तपासून घेतो' अशी वाक्यं येतात, ज्यांत पकडायला तारीख नसते. उपप्रश्नाचं खरं काम इथे आहे. लांबलचक भाषण न करता आमदारांनी एवढंच म्हणावं: 'माननीय मंत्री महोदयांनी महिना सांगावा.' अध्यक्षही बहुधा अशा प्रश्नाच्या मागे उभे राहतात. महिना निघाला की आश्वासन झालं.

हक्कभंग आणा, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहाचे विशेषाधिकार मोडल्याची सूचना द्या, असं तुमच्यातल्या कुणीतरी सुचवलंय. माझं मत, त्या वाटेला जाऊ नका. मंत्र्यांनी जाणूनबुजून सभागृहाची दिशाभूल केली हे दाखवावं लागतं, आणि तुमच्या प्रकरणात त्यांचं उत्तर तांत्रिकदृष्ट्या खरं आहे.

म्हणून पुढच्या अधिवेशनाच्या आधी असं करा. माहिती अधिकाराचे दोन अर्ज आजच टाका, एक रुग्णालयात पदांचा आणि तपासण्यांचा, दुसरा जिल्हा शल्यचिकित्सकांकडे यंत्राच्या खरेदीचा. उत्तरं आली की एका पानाचं टिपण करा, त्याला कागदांच्या प्रती जोडा आणि आमदारांच्या पीएच्या हातात द्या; आमदार स्वतः ते बहुधा गाडीत वाचतील, प्रश्न मात्र पीएच लिहील. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात, त्यामुळे हिवाळी अधिवेशनाची बॅनर नागपुरात लागल्यावर पळापळ करून उपयोग नाही. आणि आत्ता आलेल्या उत्तराची छापील प्रत आमदारांच्या कार्यालयातून मागून घ्या. तिच्यावर प्रश्न क्रमांक असतो. यापुढे आरोग्य विभागाला जे जे पत्र लिहाल, त्याच्या विषयाच्या ओळीत तो क्रमांक टाका. साध्या तक्रार अर्जाची आवक नोंद होते आणि तो गठ्ठ्यात जातो. विधानसभा प्रश्नाचा संदर्भ असलेलं पत्र मात्र कक्ष अधिकारी एकदा तरी उघडून बघतोच.